भरल्या पानावरून उठायचं नाही

डब्लिनजवळच्या ल्यूकनला आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला दरवर्षी एखादं नवं जोडपं येतं आणि मला विचारतं, "काकू, तुम्ही कशात आहात?" इथे दोनच उत्तरं चालतात, आयटी नाहीतर हॉस्पिटल. माझा नवरा ट्रलीच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता, त्याचं सगळ्यांना कळतं. मी म्हणते, "हवामान बदलावर देशादेशांत वाटाघाटी होतात ना, तिथे मी मध्यस्थ होते." यावर समोरचा "अच्छा अच्छा, पॉलिसी वगैरे!" म्हणतो आणि चकलीकडे वळतो.

एकदाच कोणीतरी नीट विचारलं. शेजारच्या निखिलची आई, आक्का, कोल्हापूरकडून नातवाला सांभाळायला आल्या होत्या. मला म्हणाल्या, "म्हंजे लोकांची भांडनं सोडवता व्हय?"

"हो."

"आनि त्येचं पैसं देत्यात?"

"देतात की."

"काय तरी बाई! आमच्याकडं फुकाट सोडवतो म्हटलं तरी कोन ऐकत न्हाई."

माझ्या सगळ्या नोकरीचं इतकं चोख वर्णन कोणी केलं नव्हतं. आता निवृत्त झाले आहे, तेव्हा आक्कांना उत्तर म्हणून हा धंदा काय असतो ते सांगते. आणि त्यात आम्ही एकदा जिंकलो, तेही सांगते. जिंकल्याचं सांगताना मी मुळीच लाजणार नाही, आधीच सांगून ठेवते.

पहिली गोष्ट म्हणजे हवामानाच्या वाटाघाटीत मतदान नसतं. बोटभर देश असो की खंडाएवढा, एकाने जरी "आमची हरकत आहे" म्हटलं की गाडी अडली. ज्या वाक्यावर भांडण असेल त्याला मसुद्यात चौकोनी कंस घालतात. कंस म्हणजे "यावर अजून जमलेलं नाही." मी असे मसुदे पाहिलेत, की त्यात कंसच जास्त आणि मजकूर तोंडी लावायला. मोठ्या जागतिक परिषदेत टीव्हीवर जे हस्तांदोलन दिसतं, त्याच्या कितीतरी आधी लहान लहान बैठकांत हे कंस एकेक करून काढावे लागतात. त्यातल्या बऱ्याच बैठका डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजच्या हॉटेलांत व्हायच्या. आयर्लंड लहान, कोणाच्या डोळ्यावर येत नाही, चहा चांगला देतं. त्या बैठका चालवणं, त्या खोल्या सांभाळणं हे माझं काम.

दुसरी गोष्ट, एकमत. लोकांना वाटतं एकमत म्हणजे सगळ्यांनी "हो" म्हणणं. अहो, घरात चार माणसं पोहे की उपमा यावर "हो" म्हणत नाहीत, तिथे देश कुठले म्हणायला! आमच्याकडे एकमत म्हणजे कोणी उठून न जाणं. पंगतीसारखं आहे हे. भाजी आवडो न आवडो, मीठ कमी असो, शेजारी नावडता पाहुणा बसलेला असो, भरल्या पानावरून उठायचं नाही. सगळे शेवटपर्यंत बसले की पंगत झाली. माझा सहकारी डेक्लन आयर्लंडच्या केरी परगण्यातला, ट्रलीजवळच्या खेड्यातला. त्याला मी हे समजावलं तर म्हणाला, "आमच्याकडे अंत्यविधीनंतरच्या जेवणाला हेच असतं. भावाशी वीस वर्षं बोलला नसलास तरी सँडविच संपवूनच निघायचं." तेव्हापासून आमचं जमलं.

माझी आणखी एक खोड होती. या धंद्यात जागरणाचं फार कौतुक. पहाटेपर्यंत भांडायचं, दमून जो आधी गळेल त्याच्या गळ्यात तडजोड मारायची. माझ्या खोलीत संध्याकाळ झाली की मी दिवे घालवायचे. झोप न झालेल्या माणसाने कबूल केलेलं सकाळी टिकत नाही, हे दोन पोरं वाढवलेल्या कुठल्याही बाईला माहीत असतं. यावरून मला वरिष्ठांची बोलणी खावी लागली. खाल्ली, पण दिवे घालवलेच.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार असायची. एक गृहस्थ प्रत्येक बाबतीत "आम्ही आमचा हक्क राखून ठेवतो" म्हणायचे. वेटरने सूप की सॅलड विचारलं तरी जरा थांबायचे. एक बाई विषयपत्रिकेच्या क्रमावर अख्खी सकाळ भांडल्या, कारण त्यांचा विमान चुकलेला साहेब दुपारी पोहोचणार होता. मला ते माहीत होतं. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. मी त्यांना मनसोक्त भांडू दिलं. साहेब आले आणि क्रम एका मिनिटात ठरला. ज्याला वेळ हवा असतो तो वेळ मागत नाही, भांडण मागतो.

हे शहाणपण मला आयर्लंडनेच शिकवलं. ट्रलीला नवीन असताना गावातल्या सभागृहांत पीटच्या, म्हणजे दलदलीतल्या जळाऊ मातीच्या, जमिनीवरून भांडणं चालायची. पिढ्यानपिढ्या लोक तिथला पीट कापून, वाळवून घरात जाळत आलेले. सरकार म्हणत होतं, त्यात कोंडलेला कार्बन राहू द्या, जमीन पुन्हा ओली करा. मी तिथे मध्यस्थाचं काम फुकट करायचे. तिथे पहिला धडा मिळाला तो चहाचा. आयरिश माणसाला चहा विचारा, तो "नको" म्हणणार. पुन्हा विचारा, "अगदीच त्रास नको." तिसऱ्यांदा विचारलंत की "बरं, केलाच असेल तर अर्धा कप," आणि वर दोन बिस्किटं. मला गंमतच वाटली. अरे, हे तर आमचंच! पहिल्या "नको"वर पातेलं आत नेणारी यजमानीण मिरजेत काय आणि केरीत काय, नावालाच यजमानीण. पहिलं "नको" मोजायचं नसतं.

आता ती बैठक.

मोठ्या परिषदेच्या आधीची ती शेवटची तयारीची बैठक होती. तीसेक देशांची माणसं, हॉटेलातला लांबट हॉल, खिडकीबाहेर नेहमीचा भुरभुर पाऊस. मसुद्यात एका परिच्छेदाला कंस होता. परिच्छेद सेलीनाचा. सेलीना एका लहानशा बेटदेशाची प्रतिनिधी. कायद्याची माणूस, साठीची, शांत, बोलताना बोटातली अंगठी फिरवायची सवय. तिची मागणी साधी होती. समुद्र चढून आमची जमीन बुडाली, तरी आमचा देश देशच राहील, आमचे नागरिक आमचेच नागरिक राहतील, आमच्या समुद्राच्या हद्दी आमच्याच राहतील, असं जगाने लिहून द्यावं.

जेवणाच्या सुट्टीत ती मला म्हणाली, "मेघना, माझी मुलगी बाळंतीण होणार आहे. ते मूल मोठं झाल्यावर कुठल्या देशाचा पासपोर्ट काढेल? मला कोणी सांगतं, ऑस्ट्रेलियाचा मिळेल, न्यूझीलंडचा मिळेल. मला मिळेल ते नको आहे गं. त्याचा जो आहे, तो हवा आहे."

तिच्या सरकारने तिला स्पष्ट सांगितलं होतं की हा परिच्छेद डब्लिनमध्ये सुटला नाही तर मोठ्या परिषदेत तो सोडून द्यायचा. तिथे त्यांना इतरही पुष्कळ मागायचं होतं आणि लहान देशाला सगळ्याच दारांवर थाप मारता येत नाही. म्हणजे आता नाही तर कधीच नाही.

अडवणारा एकच होता, अँतोन. मोठ्या देशाचा मुरलेला मुत्सद्दी, उंच, कोटाची बटणं सदैव लावलेली. तो वाईट माणूस नव्हता, म्हणून तर जास्त कठीण. वाईट माणसाशी लोक आपोआप एकत्र येऊन लढतात. हा सभ्यपणे म्हणायचा, "आमच्या देशाला सहानुभूती आहे. तथापि या परिच्छेदाला आम्ही मान्यता देऊ शकत नाही." कारण विचारलं की तेच वाक्य पुन्हा. नुसतं पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी सकाळी कोणीतरी तरुण प्रतिनिधी चिडून बोलला, "एका देशासाठी दुसरा देश बुडवणार का आपण?" हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मला तिथल्या तिथे कळलं की या टाळ्या महागात पडणार. आमच्याकडे बोलायचं असलं की समोरची देशाच्या नावाची पाटी उभी करतात. अँतोनने आपली पाटी आडवी ठेवली, कागद गोळा केले आणि निघून गेला.

भरल्या पानावरून उठला!

हॉलभर कुजबुज सुरू झाली. सेलीनाची अंगठी फिरायची थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं. उद्या दुपारी बैठक संपणार होती.

यजमान आयरिश सरकारच्या खात्यातल्या ग्रोन्याबाई धावत आल्या. "मसुदा आणखी मऊ करू या. त्यांच्यामागे पाठवू या कोणाला तरी."

मी म्हटलं, "मऊ करून करून त्याची पेज झाली आहे. आणि रुसलेल्या माणसामागे ताट घेऊन पळायचं नसतं, तो आणखी पुढे पळतो."

"मग करायचं काय?"

मला नानामामा आठवले. मिरजेचे माझे मामा. आमच्या नात्यातल्या लग्नांत सगळा बंदोबस्त त्यांच्याकडे. लग्न म्हटलं की कोणीतरी रुसणारच, कुणाला मान कमी पडला, कुणाचा आहेर हलका. नानामामा आदल्या दिवशीच हेरून ठेवायचे की उद्या कोण रुसणार. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात नवऱ्याचे थोरले काका बोहल्यापासूनच फुगलेले होते. सगळे हातापाया पडत होते. नानामामा शांतपणे गेले आणि तुपाचं भांडं त्यांच्या हातात देऊन म्हणाले, "काका, तूप तुम्ही वाढा. ही जोखीम परक्यावर टाकता येत नाही." आता वरणभातावर तूप पडल्याशिवाय पंगतीत कोणी पहिला घास घेत नाही. अख्खा मांडव काकांची वाट पाहत बसला. काका आधी गुरगुरले, मग धोतर सावरून निघाले, आणि शेवटी लोक "पुरे, पुरे" म्हणत असताना वाटीभर तूप ओतत होते. जो वाढतो त्याला पंगत सोडून जाता येत नाही. आणि वाढताना हात आपोआप सैल होतो.

मी ग्रोन्याबाईंना मामांची गोष्ट थोडक्यात सांगितली आणि म्हटलं, "परिच्छेद अँतोनच्याच हातात द्यायचा. सेलीना आणि तो, दोघांनी मिळून लिहायचा, आणि हॉलपुढे त्याने मांडायचा."

आमच्यात म्हणतात ना, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, तसं काहीतरी त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि त्याने तो परिच्छेद मारूनच टाकला तर?"

"तो तसाही मेलेलाच आहे," मी म्हटलं. "प्रेताला कसली भीती?"

हे बोलायला ठीक होतं. आता फसलं असतं तर ते माझ्या नावावर, आणि सेलीनाच्या नातवाच्या.

सेलीनाला आधी विचारलं. तिने हातातल्या मसुद्याची घडी घातली. मग म्हणाली, "माझं लेकरू त्याच्या मांडीवर ठेवायला सांगतेस?"

"हो."

"तू खोलीत असशील?"

"नाही. मी असले की तो माझ्याशी बोलेल, तुझ्याशी नाही."

तिने अंगठी फिरवली. "ठीक आहे. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही. दुसरा रस्ता नाही म्हणून." स्वच्छ बोलणारी बाई. मला फार आवडायची.

अँतोन हॉटेलाजवळच्या नदीकाठी सापडला. डॉडर नदी तिथून वाहते, लहानशी, ओढ्याएवढीच. तो बगळ्याकडे बघत उभा होता. छत्री होती, पण उघडली नव्हती. मी परिच्छेदाचं नावही काढलं नाही. विचारलं, "तुम्ही आज हो म्हणालात, तर घरी तुमचं काय होईल?"

हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा. तो बगळ्याशीच बोलल्यासारखा बोलला. त्याच्या देशाचा शेजाऱ्याशी समुद्राच्या हद्दीवरून जुना तंटा. या परिच्छेदातलं हद्दीचं वाक्य उद्या शेजारी आपल्याविरुद्ध वापरेल, ही धास्ती. हे त्याला भर सभेत सांगता येत नव्हतं, कारण नुसतं सांगितलं तरी आपली बाजू कच्ची आहे असा अर्थ निघाला असता. "बेटांशी माझं भांडण नाहीच," तो म्हणाला. "पण हे सेलीनाला कसं सांगू?"

हात्तिच्या! इतके दिवस आम्ही ज्या भिंतीवर डोकं आपटत होतो, तिला दार होतं, आणि त्याची किल्ली बिचारा खिशात घेऊन फिरत होता.

मी म्हटलं, "तिलाच सांगा. बंद खोलीत. परिच्छेद तुम्ही दोघं लिहा."

"नाही. अशक्य."

पहिलं "नको" मोजायचं नसतं. मी पावसाविषयी बोलले, मग पुन्हा विचारलं.

"माझं मुख्यालय परवानगी देणार नाही."

"मुख्यालयाला सांगा, तुमच्या धास्तीवर पहारा ठेवायला तुम्हाला स्वतःला बसवलंय. याहून चांगला बंदोबस्त कोणता?"

तो पहिल्यांदा हसला. हॉटेलात परत आलो तर डेक्लन दारातच उभा. "चहा?" अँतोन म्हणाला, "नको, धन्यवाद." डेक्लन म्हणाला, "किटली तापलेलीच आहे." "नको, खरंच." "अर्धा कप, तिकडे लहान खोलीतच ठेवलाय. सेलीनाबाईही आहेत." अँतोनने माझ्याकडे पाहिलं, डेक्लनकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुम्ही दोघं एकाच शाळेत शिकलात का?" आणि कोट काढून खोलीत गेला. कोट काढलेला अँतोन आम्ही कोणी पाहिला नव्हता!

दार बंद झालं. मी बाहेर खुर्चीवर. आतून कधी चढलेले आवाज, कधी अजिबात आवाज नाही. शांतता जास्त घाबरवायची. भूलतज्ज्ञाची बायको असूनही ऑपरेशन थिएटरबाहेर बसायचा अनुभव मला तोवर नव्हता. दुपार टळली. डेक्लनने दोनदा चहा आत नेला आणि दुसऱ्यांदा बाहेर येऊन म्हणाला, "तुझ्या त्या माणसाने बाह्या सरसावल्यात."

दिवे घालवायच्या वेळेला ते बाहेर आले. हातात एकच कागद. मी वाचला. सेलीनाने त्याच्यासाठी एक ओळ घातली होती. हा परिच्छेद फक्त समुद्र चढल्यामुळे गेलेल्या जमिनीबद्दल आहे, देशादेशांतल्या जुन्या हद्दीच्या तंट्यांशी त्याचा काही संबंध नाही. झालं! एवढंच हवं होतं त्याला. आणि त्याने काय केलं? तिच्या मसुद्यात, आमच्याच मऊ करण्याच्या हौसेपायी, "शक्य असेल तिथे", "परिस्थितीनुसार" असली पळवाटांची झाडं उगवली होती. ती त्याने सगळी तोडून टाकली होती. मी विचारलं, "हे तुम्ही काढलंत?" तो कोट घालत म्हणाला, "लिहायचंच तर टिकेल असं लिहावं."

काकांनी वाटीभर तूप ओतलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये अँतोनने परिच्छेद मांडला. लोक चक्रावले. एका प्रतिनिधीने पाटी उभी केली. हे "आमचा हक्क राखून ठेवतो"वाले गृहस्थच. म्हणाले, भाषा जरा कडक वाटते, पुन्हा विचार व्हावा. मी तोंड उघडायच्या आत अँतोनच कडाडला, "महोदय, यातल्या प्रत्येक शब्दावर काल भांडण झालेलं आहे. आपण तेव्हा जेवत होतात." सगळा हॉल हसला. गृहस्थांनी पाटी आडवी केली आणि खुर्चीत बसून राहिले. उठले नाहीत.

मी विचारलं, "कोणाची हरकत?"

खोली गप्प. आमच्या धंद्यात या शांततेसारखं गोड काही नाही. मी नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. कोणी उठलं नाही. लाकडी हातोडी आपटली. कंस सुटला!

मग टाळ्या, आणि या टाळ्या कोणाच्या विरुद्ध नव्हत्या. सेलीना ढसाढसा रडली. मीही रडले, का खोटं सांगू. ग्रोन्याबाई म्हणाल्या, "तुझ्या त्या मामांना आमच्या खात्यात नोकरी हवी का?" मी म्हटलं, "ते वरती पंगती सांभाळतात आता."

मोठ्या परिषदेत तो परिच्छेद जसाच्या तसा पार पडला. मी तो ल्यूकनच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पाहिला. अध्यक्षांनी "हरकत?" विचारलं तेव्हा मी उलथनं धरून उभी. माझी लेक, इथल्या पोरांसारखी आईला 'मॅम' म्हणणारी, मागून म्हणाली, "आह मॅम, यू आर नॉट चेअरिंग दिस!" हातोडी पडली तेव्हा मात्र तिनेच मला मिठी मारली, आणि तव्यावरचं थालीपीठ जळलं.

सगळं जिंकलो असं नाही. दुसऱ्या एका बैठकीत, किनाऱ्यावरच्या कोळ्यांसाठी असलेली तरतूद माझ्या डोळ्यांसमोर गेली. तिथे मी कोणाच्या हातात भांडं द्यायचं ते वेळेत ओळखू शकले नाही, आणि ते अजून सलतं. कागदाने समुद्र थांबत नाही, हेही मला कळतं. पण आक्कांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "समुद्र थांबंल न थांबंल. पर मानसाला नाव तर ऱ्हायलं न्हवं?"

परवा सेलीनाकडून दोन फोटो आले. नातवाचा पहिला पासपोर्ट. आत डोळे मिचकावणारं बाळ, कान पुढे आलेले. बाहेर निळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत त्यांच्या देशाचं नाव. खाली तिने लिहिलं होतं की अँतोनलाही पाठवलेत, त्याचं उत्तर लगेच आलं, "मुलाला चांगला कोट घ्या."

मी आतल्या पानाचा फोटो मोठा करून पाहिला. तळाशी मुदत छापली होती. मुदत संपली की नवा काढायचा. आता तो काढता येईल.